पांचगणीच्या विद्यार्थ्याची तबकडी

परीक्षेचें वर्ष उजाडलें कीं पालकांची एक चिठ्ठी ठरलेली असते: "चिरंजीवांस गायनाच्या तासाऐवजीं गणितास बसवावें." अशा चिठ्ठ्या आम्हीं आजवर मुकाट्यानें मान्य केल्या. यंदा त्यांविरुद्ध दोन शब्द लिहावेसे वाटतात. आणि त्यास निमित्त झाली आहे एक इंग्रजी तबकडी.

वाईहून पसरणीचा घाट चढून गेलें कीं पांचगणी लागते. तेथील सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहांत झांजिबारचा फरोख बलसारा नांवाचा पारशी मुलगा राहत असे. त्याचे चरित्रकार लिहितात कीं, मुख्याध्यापकांनीं त्याचा कल ओळखून आईबापांस पत्र घातलें: थोडी जादा फी भराल तर मुलास संगीत रीतसर शिकवितां येईल. त्यांनीं ती भरली. मुलगा पियानो शिकला, शाळेच्या गायनवृंदांत गाऊं लागला, आणि १९५८ सालीं चार सोबत्यांसह त्यानें 'हेक्टिक्स' नांवाचा वाद्यवृंद काढला. हाच पुढें इंग्लंडांत फ्रेडी मर्क्युरी झाला.

त्याच्या 'क्वीन' मंडळीची 'अ नाइट ॲट दि ऑपेरा' ही तबकडी नोव्हेंबर १९७५ मध्यें निघाली. या जातीच्या संगीतास हार्ड रॉक म्हणतात. तें ऐकून वडीलधाऱ्यांनीं कानांवर हात ठेवावे यांत नवल नाहीं. आम्हींही ठेवले होते. तबकडींतील पहिलें गाणें तर निव्वळ द्वेषानें भरलेलें आहे, आणि तें मुलांस ऐकवावें असें आम्ही मुळींच म्हणणार नाहीं.

पण 'बोहेमियन ऱ्हॅप्सोडी' लक्ष देऊन ऐकावें. सुमारें सहा मिनिटांचें हें गाणें. एवढें लांब गाणें नभोवाणीवर लागावयाचें नाहीं, असें जाणत्यांनीं बजावलें होतें. तें इंग्लंडांत सतत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलें. मधल्या भागांत मोठा गायनवृंद गात आहे असा भास होतो. वस्तुतः गळे तीनच, मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांचे. प्रत्येकानें आपली ओळ पुनःपुन्हां गावी, ती चोवीस पदरी फितीवर एकावर एक चढवावी, जागा संपली कीं अनेक पदरांचा एक करून फीत मोकळी करावी, आणि पुन्हां गावें. असें कित्येक दिवस चाललें. यंत्रानें घडविलेले कृत्रिम स्वर त्यांनीं या तबकडींत घेतलेच नाहींत. 'गुड कंपनी' या गाण्यांत ऐकूं येणारा बँड मे यांनीं गिटारीवर उतरविला आहे. आणि ती गिटार त्यांनीं मुलगेपणीं वडिलांच्या साह्यानें घरीं बनविलेली, तिची मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लांकडाची! (गणिताच्या कैवाऱ्यांनीं हेंही ध्यानांत घ्यावें कीं, याच मे यांनीं २००७ सालीं खगोलभौतिकींत डॉक्टरेट मिळविली.)

आपली ओळ न सोडतां शेजाऱ्याची ओळ ऐकत राहणें, हें मर्क्युरीस पांचगणीच्या गायनवृंदांतच प्रथम कळलें असावें, असें आम्हांस वाटतें. तें पुस्तकांतून येत नाहीं.

गेल्या वर्षीं आमच्या वृंदांत खालचा स्वर धरणारा दहावीचा एकच मुलगा होता. नाताळाच्या तोंडावर त्यास काढून नेलें. वाचलेल्या तासांत त्यानें किती गणित केलें हें आम्हांस ठाऊक नाहीं. गाणें मात्र सुटलें, आणि चिठ्ठीवर सही आमचीच आहे.

यंदा अशी चिठ्ठी आल्यास ती खिशांत घालून आम्ही प्रथम आपल्या घरीं येऊं. आठवड्याचा एक तास आहे, तेवढा मागूं.