फोटोत समुद्र आला, आजी गेली

जळकोटकरांनो, आज जरा रोखठोक लिहितोय. कुणाला टोचलं तर टोचू द्या.

आपल्या तालुक्याला समुद्र कुठल्याच बाजूनं जवळ नाही. पश्चिमेला कोकण, पूर्वेला आंध्रचा किनारा. नकाशावर सरळ रेघ ओढली तरी दोन्हीकडं चारशे किलोमीटरच्या वर भरतंय. तरी "फॅमिली फोटो काढायचा तर बीचवरच" हे खूळ आता आपल्याकडंही शिरलंय. आधी प्रीवेडिंग आलं. मग लेकराचा पहिला वाढदिवस, आईवडिलांच्या लग्नाची पन्नाशी, सगळ्यालाच मागं लाटा लागायला लागल्या.

आणि तयारी तरी किती! महिनाभर आधीपासून कपड्यांची थीम. सगळ्यांनी पांढरं नाहीतर क्रीम घालायचं. आजीचं इरकल थीममध्ये बसत नाही. आजोबांचं धोतर चालतंय, पण टोपी काढा म्हणे. मग गाडी, लॉज, कॅमेरावाला, ड्रोन, अल्बम. गाडीत जागा सातच. म्हणून ज्यांना एवढा प्रवास झेपत नाही, ते घरीच. म्हणजे फोटो 'कुटुंबाचा', आणि कुटुंबातली सगळ्यात मोठी माणसं ढोरं सांभाळायला मागं.

आता हिशोब मांडू. समजा सगळं मिळून 60 हजारांत भागलं. 2025-26 चा सोयाबीनचा हमीभाव 5328 रुपये क्विंटल. म्हणजे हा एक फोटो अकरा क्विंटलच्या वर सोयाबीन खातो. एकरी पाच-सहा क्विंटल धरा, तर दोन एकराचा अख्खा माल झाला. त्यात बी, खत, फवारणी, काढणी अजून वजा केलेलीच नाही. आणि हमीभाव कागदावरचा, मोंढ्यात हातात काय पडतं ते तुम्हाला माहीतच आहे. ऑगस्ट 2025 मध्ये शेजारच्या मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगावात पाणी घरात घुसलं, माणसं गेली, शिवारं खरडली. असल्या सालातही कुणी फायनान्सचा हप्ता बांधून शूटला जात असेल, तर त्याला हौस म्हणायचं का? आणि प्रीवेडिंगचा बोजा बहुतेक वेळा शेवटी मुलीच्या बापाच्याच डोक्यावर येऊन बसतो, हेही सगळ्यांना माहीत आहे. बोलत कुणी नाही.

कुणी म्हणेल, "आमचा पैसा, आमची हौस, तुमच्या पोटात का दुखतंय?" बरोबर आहे. ज्याची ऐपत आहे त्यानं खुशाल जावं. पण ऐपतवाल्यानं स्टेटसला टाकलं की शेजारच्या घरात भांडण सुरू होतं, आणि ज्याची ऐपत नाही तोही कर्ज काढतो. हौसेची रूढी व्हायला आपल्याकडं दोन लग्नसराया पुरतात. म्हणून आत्ताच बोलायला पाहिजे.

एवढ्या तयारीत एक गोष्ट मात्र कुणी विचारत नाही. भरती किती वाजता? आपण विहिरीत, तिरू नदीत पोहणारी माणसं. समुद्राचं पाणी कसं ओढतं, ते आपल्याला कुठं ठाऊक? 1 फेब्रुवारी 2016 ला मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. कॅमेरावाला "अजून थोडं मागं, अजून थोडं मागं" म्हणतो आणि आपली पाठ लाटेकडं असते. जाणारच असाल तर आधी तिथल्या कोळ्याला विचारा, मग फोटोवाल्याला.

माझं खरं दुखणं मात्र वेगळंच आहे. आपल्या गावात कुणी म्हातारं माणूस गेलं की काय होतं? घरात फोटो सापडत नाही. मग आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणायचा, नाहीतर कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून तोंड कापून काढायचं, आणि त्यालाच हार घालायचा. सत्तर वर्षं रानात राबलेल्या बाईचा एक धड फोटो नाही, आणि नातवाच्या मोबाईलमध्ये लाटांसोबतचे चारशे! विधवा आत्या तर फोटोच्या वेळी आपणहून चुलीकडं सरकते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव घेतला. आपल्याला ठरावाचीही गरज नाही. आत्याला हाताला धरून मधे उभं करा, झालं.

पूर्वी माळेगावच्या जत्रेत फोटोवाल्याच्या तंबूत रंगवलेला पडदा असायचा. त्या पडद्यापुढं अख्खं घर दाटीवाटीनं उभं राहायचं. पडदा खोटा होता, घर पुरं होतं. आता समुद्र खरा आहे आणि घर अर्धं.

समुद्र बघायला जरूर जा. ज्या आईनं बांधापलीकडचं जग पाहिलं नाही, तिला तर न्याच. पाण्यात पाय भिजवू द्या, फोटो निघाला तर निघाला. पण घराचा फोटो घरीच काढा. ओसरीवर, रानात, बैलांसोबत. पाणीच पाहिजे मागं, तर तिरूचा तलाव आहे. समुद्रच पाहिजे, तर कंधारला चला. राष्ट्रकूटांच्या काळातल्या तिथल्या तलावाचं नावच जगत्तुंग समुद्र आहे. उदगीरचा किल्ला तर उशाला आहे. सकाळी निघून दुपारी घरी, आणि आजीपण सोबत. जळकोट-उदगीरच्या स्टुडिओवाल्यांनाही चार पैसे मिळतील.

येत्या सणाला लेकरं पुण्या-मुंबईहून गावाकडं येतील. तेव्हा एकच काम करा. आजीला तिचं आवडतं इरकल नेसू द्या, आजोबांच्या डोक्यावर टोपी राहू द्या, मधल्या खुर्च्या त्यांना द्या आणि फोटो काढा. छापून भिंतीवर लावा, ते असतानाच, हाराशिवाय.