सापाची भूक आणि पाळणाऱ्याची घाई

अमेरिका, ब्रिटन, जर्मनी यांसारख्या देशांत साप पाळणे हा कायद्याच्या चौकटीतला आणि चांगलाच रुळलेला छंद आहे. तरीही तेथे पहिल्यांदा साप घेणारा माणूस बहुधा रंग आणि नक्षी पाहून निवड करतो, आणि विक्रेतेही त्याच अंगाने जाहिरात करतात. वस्तुतः जो प्राणी पंधरा-वीस वर्षे सांभाळायचा आहे तो काय खातो, किती दिवसांनी खातो आणि त्याने अन्नाला तोंड लावले नाही तर त्याचा अर्थ काय घ्यायचा, हे प्रश्न आधी विचारायला हवेत. घरच्या सापाचे बिघडते ते पुष्कळदा खाण्यापाशी, आणि तेही अन्न कमी पडल्यामुळे क्वचितच; बहुतेक वेळा त्यामागे पाळणाऱ्याची घाई असते.

साप शीतरक्ती, म्हणजे शरीराला लागणारी उष्णता परिसरातून घेणारा प्राणी असल्यामुळे तेवढ्याच वजनाच्या मांजराच्या तुलनेत त्याला फारच थोडे अन्न पुरते. अजगरासारख्या दबा धरून शिकार करणाऱ्या सापांची पचनसंस्था तर दोन भक्ष्यांमधल्या काळात जवळजवळ मिटलेली असते आणि भक्ष्य पोटात गेल्यावरच कामाला लागते. ब्रह्मी अजगराने मोठे भक्ष्य गिळल्यानंतर दोन दिवसांत त्याच्या हृदयाचे वस्तुमान सुमारे ४० टक्क्यांनी वाढल्याचे २००५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. एवढा खटाटोप बाहेरच्या उष्णतेच्या जोरावर चालतो. काचपेटीचा उबदार कोपरा तीस अंशांच्या आसपास नसेल, तर गिळलेला उंदीर पचण्याआधी पोटातच कुजू लागतो आणि साप तो ओकून टाकतो. गिळल्यानंतर दोन दिवसांच्या आत साप हाताळला, तरी हाच प्रकार घडू शकतो. ओकल्यानंतर ‘बिचारा उपाशी राहिला’ म्हणून लगेच दुसरा उंदीर पुढे करणे ही नवख्याची हमखास चूक होय. अशा वेळी किमान दहा-बारा दिवस पोटाला विश्रांती द्यावी लागते.

भक्ष्याच्या आकाराचा सर्वमान्य संकेत असा, की त्याची जाडी सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाइतकी असावी. पिल्लांना ‘पिंकी’, म्हणजे अंगावर केस न आलेली उंदराची नवजात पिल्ले, पाच ते सात दिवसांच्या अंतराने दिली जातात. पूर्ण वाढलेल्या सापाला दहा ते चौदा दिवसांनी एक उंदीर पुरतो. याहून अधिक खाऊ घातल्यास सापाला लठ्ठपणा येतो आणि चरबीचा भार यकृतावर पडतो. भूक दिसली की भरवायचे, ही माणसाच्या घरातली रीत येथे उपयोगाची नाही.

पहिला साप म्हणून बाजारात दोन नावे पुढे केली जातात: अमेरिकेच्या आग्नेय भागातला कॉर्न स्नेक आणि पश्चिम व मध्य आफ्रिकेतला बॉल पायथन. बॉल पायथन बुटका, जाड आणि स्वभावाने शांत असल्यामुळे हातात घ्यायला सोपा. पण खाण्याच्या बाबतीत तो पक्का लहरी. त्याच्या ओठांवर उष्णता टिपणाऱ्या खाचा असतात आणि समोरचे भक्ष्य पुरेसे उबदार नसले तर तो त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. शिवाय विणीच्या हंगामात धडधाकट प्रौढ साप कित्येक महिने उपाशी राहतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर पंधरवड्याला वजन करून ते फारसे घटत नसल्याची खात्री करणे, एवढेच तेव्हा पाळणाऱ्याच्या हाती उरते. नवख्याला नेमके तेच जमत नाही. तो रोज नवे भक्ष्य दाखवतो, पेटीची जागा बदलतो, सापाला बाहेर काढून पाहतो आणि त्याचा उपास आणखी लांबवतो. याउलट कॉर्न स्नेक वासावरून भक्ष्य हुडकणारा, सडपातळ, चार-पाच फुटांपर्यंत वाढणारा आणि कात टाकण्याआधीचे दिवस सोडले तर सहसा अन्न न नाकारणारा साप आहे. पहिल्या निवडीचा मान त्यालाच मिळायला हवा. तरीही बॉल पायथनचा गवगवा अधिक होतो, तो निवडक पैदाशीतून काढलेल्या त्याच्या असंख्य रंगभेदांमुळे. त्यांतल्या ‘स्पायडर’ नावाच्या प्रकारात नक्षीबरोबर डोके डुगडुगण्याचा चेताविकारही येतो आणि तरी त्याला गिऱ्हाईक मिळते, हे या व्यापाराला शोभणारे नाही.

गार्टर स्नेक उंदराऐवजी मासे आणि गांडुळे खातो म्हणून काहींना सोयीचा वाटतो; मात्र गोल्डफिशसारख्या माशांत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे थायमिनेज नावाचे विकर असते आणि केवळ अशा माशांवर ठेवलेला साप झटके येऊन दगावू शकतो.

भक्ष्य जिवंत द्यावे की मेलेले, या वादाचा निकाल खरे तर केव्हाच लागलेला आहे. बंदिस्त पेटीत सापाने लगेच न पकडलेला उंदीर त्याच्याच पाठीचे लचके तोडतो, आणि उंदराच्या वाट्याला येणारी दहशतही दुर्लक्षून चालत नाही. गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा, नंतर पिशवीत घालून गरम पाण्यात शरीराच्या उष्णतेइतका ऊबदार करावा आणि लांब चिमट्याने सापापुढे धरावा. मायक्रोवेव्हमध्ये तो कुठे शिजतो तर कुठे गोठलेलाच राहतो. ज्याला घरच्या फ्रिजमध्ये उंदीर ठेवणे सोसत नाही, त्याने साप घेऊ नये.

भारतात हा प्रश्न कायद्यापासून सुरू होतो. नाग, धामण, अजगर, मांडूळ यांसारखे येथले साप पकडणे किंवा घरात बाळगणे हा १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याखाली गुन्हा आहे, आणि सर्पमित्रांनाही पकडलेला साप ठेवून घेता येत नाही. बॉल पायथनचा समावेश ‘साइट्स’ या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने, २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो बाळगणाऱ्याला सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. (नागपंचमीच्या दुधाविषयी वेगळे सांगायला नकोच: गारुडी नागाला आधी कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवतो, म्हणून तो समोर आलेले दूध पितो, ते त्याचे अन्न नव्हे.)

ज्यांना वैध मार्ग खुला आहे त्यांनी विक्रेत्याकडे पिल्लाच्या खाण्याची नोंद मागावी: कोणत्या तारखेला काय दिले, जिवंत की गोठवलेले, आणि किती वेळा नाकारले. सलग चार-पाच वेळा गोठवलेले भक्ष्य घेतल्याची नोंद नसेल, तर नक्षी कितीही देखणी असली तरी ते पिल्लू तेथेच राहू द्यावे. घरी आणल्यावर आठवडाभर त्याला हात लावू नये, मग संध्याकाळी लपण्याच्या जागेच्या तोंडाशी पहिले भक्ष्य ठेवावे, आणि सकाळपर्यंत ते तसेच राहिले तर फेकून देऊन पुढचा प्रयत्न आठवड्याने करावा.