पासवर्ड विचारला? मग दारच उखडा!

पोस्टग्रेसनं अचानक पासवर्ड विचारायला सुरुवात केली, की आपल्या ऑफिसांमध्ये एक ठरलेला इलाज आहे. पीजी_एचबीए.कॉन्फ उघडायची, दिसेल त्या ओळीच्या शेवटी 'ट्रस्ट' लिहायचं, रीलोड मारायचा आणि चहाला जायचं. "चालतंय ना? मग झालं तर!"

मंडळी, याला दुरुस्ती म्हणत नाहीत. किल्ली सापडेना म्हणून दार बिजागरीसकट उखडण्यातला हा प्रकार आहे. त्या ओळीत यूजरच्या जागी 'ऑल' असेल (आणि बहुतेक वेळा असतंच), तर तिच्यात बसणारा कुणीही कुठल्याही नावानं, अगदी सुपरयूजर म्हणूनसुद्धा, पासवर्डशिवाय आत!

बरं, मूळ कारण तरी केवढं मोठं असतं? नुसतं पीएसक्यूएल चालवलं, तर लिनक्सवर कनेक्शन सॉकेटमधून जातं आणि 'लोकल'ची ओळ लागू होते. होस्ट म्हणून लोकलहोस्ट दिलं, की ते टीसीपीवरून जातं आणि 'होस्ट'ची ओळ लागू होते. मशीन तेच, नियम वेगळा! शिवाय सर्व्हर ओळी वरून खाली वाचतो आणि जुळणारी पहिली ओळ धरतो. तिथे नापास झालात, तर पुढची बघतही नाही. तळाशी कितीही सुंदर ओळ लिहा, उपयोग शून्य.

डॉट-पीजीपास फाइलचंही तेच. तिची परवानगी ०६०० पेक्षा सैल असेल, तर क्लायंट एक वॉर्निंग छापतो आणि फाइल बाजूला ठेवतो. ती वॉर्निंग वाचतो कोण? फाइलमध्ये 'लोकलहोस्ट' आणि कमांडमध्ये १२७.०.०.१ असेल, तरी ओळ जुळत नाही. पुन्हा पासवर्ड.

"अहो, पण डेव्ह मशीन आहे, कोण बघतंय?" मे २००२ मध्ये स्पायडा वर्म पसरला तो एसक्यूएल सर्व्हरच्या 'एसए'च्या रिकाम्या पासवर्डवर. जानेवारी २०१७ मध्ये लॉगिनशिवाय उघडे पडलेले हजारो मॉंगोडीबी डेटाबेस पुसून खंडणी मागितली गेली. पोस्टग्रेस मुळात फक्त लोकलहोस्टवर ऐकतो, मान्य. पण 'ट्रस्ट' लिहिणारा हात लिसन_ॲड्रेसेसमध्ये तारा टाकायला कचरत नाही, आणि डेव्हची कॉन्फिग प्रॉडक्शनवर कॉपी व्हायला एक घाईची शुक्रवार संध्याकाळ पुरते.

उपाय पाच मिनिटांचा आहे. पासवर्ड चुकला, की कितव्या ओळीवर अडलं ते सर्व्हरचा लॉग सांगतो. क्लायंटला तो मुद्दाम कमी सांगतो, म्हणून लॉगच वाचा. आवृत्ती १० पासून पीजी_एचबीए_फाइल_रूल्स हा व्ह्यूही आहे. सगळे नियम आणि फाइलमधल्या चुका तिथे दिसतात.

त्या टेबलांमध्ये लोकांचे पत्ते, पगार, फोन नंबर असतात हो. विश्वास त्यांनी आपल्यावर टाकलाय. तो परस्पर कुणालाही वाटायचा हक्क आपल्याला कुणी दिला?