तासाला दीड रुपया

दिवाळी जवळ आली की आयटी कंपन्यांमध्ये समाजकार्याचा सीझन सुरू होतो. कुठे रक्तदान, कुठे जुने कपडे गोळा करणं, आणि काही ठिकाणी मदतनिधीसाठी लिलाव. घरून हाताने केलेल्या वस्तू आणायच्या (आजीची गोधडी, आईचं क्रोशाचं तोरण, मावशीने विणलेला स्वेटर), कॅफेटेरियात बोली लावायची आणि जमलेले पैसे एखाद्या संस्थेला द्यायचे. ऐकायला मस्त वाटतं. पण आपण ज्या पद्धतीने हे करतो ती करणारीच्या कष्टांची थट्टा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. लिलाव बंद करा असं म्हणत नाहीये. नीट करा, एवढंच.

आधी हिशोब बघू. अशाच एका लिलावासाठी माझ्या आईने मोर्शीहून तोरण पाठवलं होतं. दुपारची कामं आटोपली की बसायची, दोन महिने. साधारण शंभर तास धरा. दोऱ्याचेच साडेतीनशे रुपये. तोरण गेलं पाचशेला! म्हणजे शंभर तासांच्या कामाने संस्थेच्या पदरात जास्तीचे दीडशे रुपये पडले. तासाला दीड रुपया. 2025-26 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. आठ तासांचा दिवस धरला तर हीच मेहनत 3900 रुपयांची होते. आईने दोऱ्याचे पैसे सरळ देणगी दिले असते तर संस्थेला जवळपास तेवढेच मिळाले असते आणि तिचे डोळेही वाचले असते.

आता कोणी म्हणेल, मार्केटने किंमत ठरवली, त्याला काय करणार? इथेच गडबड आहे. आमच्याकडे संत्र्याच्या बागेचा सौदा बरेचदा फळ झाडावर असतानाच होतो. व्यापारी बागेत फिरतो, अंदाज बांधतो, भाव सांगतो. एकच व्यापारी आला तर तो म्हणेल तो भाव. दुसरा आला की भाव चढतो. बाग तीच, संत्री तीच. लिलावाचंही असंच. बोली थांबते ती दुसऱ्या नंबरच्या माणसाची तयारी संपते तिथे. पहिल्याची तयारी पाच हजारांची असली तरी दुसरा पाचशेच्या आत थांबला तर वस्तू पाचशेलाच जाते. हातच्या वस्तूत आवडीनिवडी फार, त्यामुळे एकाच तोरणावर जीव जडलेली दोन माणसं एकाच कॅफेटेरियात सापडणं कठीण. म्हणून तो आकडा तोरणाची किंमत नाहीच. त्या दिवशी तिथे कोण होतं, एवढंच तो सांगतो.

दुसरा आक्षेप: दान दिल्यावर हिशोब कसला? मान्य. आईनेही किंमत विचारली नाही. तिने फोनवर एवढंच विचारलं, "थे तोरण कोनाच्या घरी गेलं रे बापू? दारावर लावलं असन ना त्यायनं?" आयोजकांना विचारलं तर नोंदच नव्हती. मला पाचशे रुपयांपेक्षा हे जास्त लागलं. गंमत म्हणजे आयकरातही वस्तूच्या देणगीवर वजावट नाही, फक्त पैशाच्या देणगीवर आहे. म्हणजे कागदोपत्री तर आईने काही दिलंच नाही.

असे लिलाव आपल्याकडे नवीन नाहीत, आणि चांगलेही होतात. नोव्हेंबर 1933 मध्ये गांधीजींचा हरिजन दौरा वर्ध्याहून निघाला आणि विदर्भात फिरला. त्या दौऱ्यात ते मिळालेली मानपत्रं आणि करंडे सभेतच लिलावात काढत आणि बोली वाढवायला स्वतः लोकांच्या मागे लागत. हैदराबादजवळच्या बाळापूरला गणपतीच्या लाडवाचा लिलाव 1994 मध्ये 450 रुपयांपासून सुरू झाला आणि 2025 मध्ये 35 लाखांवर गेला. लाडू काय 35 लाखांचा असतो? पैसे गावाच्या कामाला जातात आणि घेणाऱ्याचं नाव गावभर होतं. दोन्हीकडे बोली वस्तूवर नसून कामावर लागते, आणि ते सगळ्यांना माहीत असतं. आपल्या कॅफेटेरियात मात्र लोक 'स्वस्तात काय मिळतंय' बघायला येतात. बाबा आमट्यांनी 1949 मध्ये वरोऱ्याला आनंदवन सुरू केलं तेव्हापासून भर भिकेवर नव्हता, कामावर होता. तिथे कुष्ठरोगातून बरे झालेल्यांनी विणलेलं कापड विकलं जातं, ते दयेपोटी कमी-जास्त भावात खपवायला नाही. आपल्या आयांना तेवढा मान द्यायला काय हरकत आहे?

तर मंडळी, पुढच्या वेळी लिलाव ठरवाल तेव्हा चार गोष्टी करा. मूळ बोली सामान अधिक मजुरी धरून ठेवा. तेवढ्यालाही कोणी घेतलं नाही तर वस्तू सन्मानाने परत पाठवा, पाडून विकू नका. वस्तूवर करणारीचं नाव आणि लागलेले तास लिहा. शंभर तास वाचल्यावर पाचशे म्हणायला जीभ रेटत नाही. आणि शेवटचं, वस्तू कोणाकडे गेली आणि पैशांचं काय झालं हे तिला कळवा. एक फोटो, दोन ओळी. एवढं जमणार नसेल तर आईला, आजीला कामाला लावू नका. त्यापेक्षा आपल्या पगारातून चेक फाडा. आपल्याला ते परवडतं.