चेहऱ्याचे जतन

बडोद्याच्या सयाजीबागेत श्रीमंत सयाजीराव महाराजांनी उभारलेले वस्तुसंग्रहालय ज्यांनी पाहिले आहे, आणि तेथून लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील फत्तेसिंह संग्रहालयात जाऊन राजा रविवर्म्याची तैलचित्रेही ज्यांनी सावकाश न्याहाळली आहेत, त्यांच्या ध्यानी एक गोष्ट कदाचित आली नसेल. ती ही की, असल्या संग्रहांचा कारभार पाहणाऱ्यांना चोराइतकेच, किंबहुना चोराहून अधिक, भय उजेडाचे असते. जलरंगातील चित्र, हस्तलिखित किंवा जुने पैठणीसारखे वस्त्र असेल तर त्यावर पन्नास लक्सहून अधिक प्रकाश पडू देऊ नये, तैलचित्र असेल तर दोनशेच्या आसपास थांबावे, असा त्यांचा दस्तूर आहे. आणि मे महिन्यातल्या दुपारी याच बागेच्या हिरवळीवर उभे राहिले तर अंगावर पडणारा प्रकाश एक लाख लक्सच्या घरात असतो. महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ सालापासून संग्रहालयशास्त्राचे अध्यापन चालत आले आहे. त्या शास्त्राचे दोन सिद्धान्त असे की, प्रकाशाने झालेली हानी साचत जाते, म्हणून आधी प्रकाश आवरावा; आणि दुरुस्ती करावी ती कमीत कमी, मूळ द्रव्याला धक्का न लावता, घाई न करता. जे शहर रविवर्म्याच्या दमयंती-शकुंतलांसाठी हे सिद्धान्त जाणते, त्याने आपल्या हाडामांसाच्या चेहऱ्यांसाठीही ते मान्य करावेत, एवढेच माझे म्हणणे आहे. उन्हाने बिघडलेल्या कातडीवर उपचार करण्याचा जो बाजार आज अलकापुरीपासून जुन्या पादरा रस्त्यापर्यंत भरभराटीस आलेला दिसतो, त्याचा बराचसा व्यवहार नेमका या दोन्हींच्या विरुद्ध दिशेने चाललेला आहे.

बडोदे कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेस वसलेले असल्याने वर्षातून दोनदा, जूनच्या आरंभी आणि पुन्हा जुलैच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, सूर्य ऐन माथ्यावरून जातो व उभ्या माणसाची सावली पायांखाली नाहीशी होते. या सूर्यप्रकाशातील अतिनील किरण दोन जातींचे म्हणून आपल्यापर्यंत पोहोचतात. त्यांतले आखूड लांबीचे किरण कातडीच्या वरच्या थरालाच भाजून काढतात आणि खिडकीच्या साध्या काचेने बहुतांशी अडतात. लांब किरण मात्र काच भेदून आत येतात, कातडीच्या खालच्या थरात उतरतात आणि तेथील कोलॅजनचे तंतू तोडणारी द्रव्ये शरीराकडूनच निर्माण करवितात. पहिल्यांची जाणीव त्याच संध्याकाळी होते. दुसऱ्यांची वीस वर्षांनी. अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकाने २०१२ साली एका मालमोटार-चालकाचे छायाचित्र प्रसिद्ध केले होते. अठ्ठावीस वर्षे गाडी हाकलेल्या त्या गृहस्थाच्या चेहऱ्याची खिडकीकडील डावी बाजू सुरकुत्यांनी व जाड घड्यांनी इतकी भरून गेली होती की, दोन्ही गाल एकाच माणसाचे वाटू नयेत. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, तेव्हा मुंबई-अहमदाबाद महामार्गावर आयुष्य घालवलेल्या चालकाचा उजवा गाल पाहावा.

आपल्या सावळ्या वर्णाची माणसे या बाबतीत गोऱ्यांपेक्षा पुष्कळच सुखी आहेत. कातडीतील रंगद्रव्याचे कण प्रत्येक पेशीच्या केंद्रावर वरच्या बाजूने टोपीसारखे जमतात आणि ऊन स्वतःवर घेतात. त्यामुळे सुरकुत्या उशिरा पडतात आणि त्वचेचा कर्करोगही आपल्याकडे विरळा आढळतो. (विरळा म्हणजे अजिबात नाही असे नव्हे; चेहऱ्यावरची एखादी खपली किंवा जखम आठवडे लोटूनही भरून येत नसेल, तर ती तज्ज्ञाला दाखवण्यात हयगय करू नये.) परंतु हीच रंगद्रव्याची तत्परता आपल्याला दुसरीकडून भोवते. गोऱ्या कातडीवर जे ऊन सुरकुती होऊन उमटते, ते आपल्या गालांवर वांग होऊन, कपाळावर काळसर पट्टे होऊन आणि डोळ्यांभोवती तपकिरी छाया होऊन उमटते. त्यात गरोदरपणाची व संप्रेरकांची भर पडली की, बाईच्या दोन्ही गालांवर फुलपाखराच्या पंखांसारखे डाग पसरतात आणि ते वर्षानुवर्षे हटत नाहीत.

येथेच सगळा घोटाळा सुरू होतो. डाग घेऊन आलेली बाई डॉक्टरांना "डाग घालवा" असे क्वचितच म्हणते, ती म्हणते, "डॉक्टर, मी फार काळवंडले हो." तिची मागणी हानी थांबवण्याची नसून रंग बदलण्याची असते, आणि त्या मागणीला जबाबदार ती एकटी नाही. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढून आणि पुढे तो मळवलीस नेऊन लक्ष्मी-सरस्वतीची जी रंगीत चित्रे घरोघर पोहोचवली, त्यांनी देवत्वाची कांती कोणती असते हे आपल्या आजीपणजींना नकळत पढवले; त्या थोर चित्रकाराविषयी पूर्ण आदर राखूनही हे नोंदवावेसे वाटते. मग १९७५ साली हिंदुस्तान लीव्हर कंपनीने 'फेअर अँड लव्हली' बाजारात आणली आणि उजळपणा वधूपरीक्षेपासून नोकरीच्या मुलाखतीपर्यंत सर्वत्र कामी येतो असे पंचेचाळीस वर्षे सांगितले. २०२० साली त्या मलमाचे नाव बदलण्यात आले. नावाबरोबर अपेक्षाही बदलली, असा दाखला माझ्या पाहण्यात अद्याप आलेला नाही.

या अपेक्षेचा सर्वांत क्रूर लाभ घेतला तो स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांनी. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही औषधे इसबासारख्या विकारात, वैद्याच्या देखरेखीखाली, थोड्या मुदतीपुरती अत्यंत उपकारक आहेत. पण तीच चेहऱ्यावर रोज चोळली असता आठ-पंधरा दिवस कातडी खरोखरच नितळ व उजळ दिसते, आणि औषधाच्या दुकानातला मुलगा, शेजारीण किंवा पार्लरवाली यांच्या शिफारशीवर विश्वास बसतो. पुढे काही महिन्यांत कातडी कागदासारखी पातळ होते, लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुटकुळ्या व नको तेथे केस येतात, आणि मलम थांबवावे तर आग आग होते, म्हणून पुन्हा तेच लावले जाते. हा प्रकार इतका सार्वत्रिक झाला की, भारतीय त्वचारोगतज्ज्ञांना त्यासाठी एका स्वतंत्र विकाराची नोंद करावी लागली. २०१८ साली केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइडांची मलमे चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली. हुकूम निघाला, अंमल मात्र ज्याच्या त्याच्या मुनसफीवर राहिला. उन्हाने पातळ न झालेली कातडी अशा रीतीने आपण पैसे मोजून पातळ करून घेतो आणि मग तिला उन्हात नेतो.

घरगुती उपायांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. डाळीचे पीठ, साय, हळद यांनी चेहरा स्वच्छ व मऊ होतो. त्यांनी कोलॅजन भरून येत नाही आणि अपायही सहसा होत नाही. अपवाद लिंबाचा. लिंबाच्या रसातील काही द्रव्ये ऊन लागताच कातडी पोळतात व तेथे गडद डाग पाडतात, तेव्हा डाग जावेत म्हणून सकाळी लिंबू चोळून दुपारी बाजारात जाणे हा शुद्ध उलटा व्यवहार होय.

मग खरी दुरुस्ती होते की नाही? होते, आणि संग्रहालयाची उपमा या ठिकाणी लंगडी पडते. कारण चित्र निर्जीव आहे आणि कातडी जिवंत आहे, उसंत मिळाली तर ती काही अंशी स्वतःला सावरते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतातल्या नॅम्बोर या गावी १९९२ ते १९९६ या काळात शेकडो प्रौढांवर एक प्रयोग झाला: निम्म्यांनी रोज सकाळी सनस्क्रीन लावावे, निम्म्यांनी आपल्या मर्जीप्रमाणे. साडेचार वर्षांनी हाताच्या पाठीवरच्या कातडीचे ठसे ताडून पाहता, रोज लावणाऱ्यांच्या कातडीचे जरठ होणे दुसऱ्यांच्या मानाने चोवीस टक्क्यांनी कमी आढळले, असा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. लेझर नाही, रासायनिक सोलणी नाही, केवळ मलम आणि नेम.

औषधांत अव्वल मान ट्रेटिनोइन या 'अ' जीवनसत्त्वाच्या वंशजाचा. फिलाडेल्फियाचे अल्बर्ट क्लिगमन हे ते मुरुमांसाठी वापरीत असता, प्रौढ स्त्रियांनी सुरकुत्याही मऊ झाल्याचे सांगितले; त्यावरून १९८६ साली क्लिगमन यांनी उन्हाने जीर्ण झालेल्या कातडीवरील त्याचा परिणाम मांडला आणि दोन वर्षांनी मिशिगन विद्यापीठातील प्रयोगाने त्याला पुष्टी दिली. रात्री, कणभर, आठवड्यातून दोन-तीन वेळा अशी सुरुवात करावी, पहिले काही आठवडे कातडी लाल होते व सुटते ते सोसावे, गरोदरपणी लावू नये, आणि फळ महिन्यांनी मोजावे, असा त्याचा विधी आहे. याच क्लिगमन यांनी होम्सबर्गच्या तुरुंगातील कैद्यांच्या पाठींवर १९५१ पासून १९७४ पर्यंत नाना द्रव्यांचे प्रयोग केले, हेही विसरू नये. सौंदर्याच्या बाटल्यांवर बंदिवानांच्या कातडीचे ऋण आहे, आणि ते कोणत्याही वेष्टनावर छापलेले नसते.

वांगासाठी ॲझेलेइक आम्ल, मर्यादित मुदतीचे हायड्रोक्विनोन, काही रुग्णांत पोटातून ट्रानेक्सामिक आम्ल, ही साधने तज्ज्ञांजवळ आहेत. लेझरही आहे, परंतु आपल्या वर्णाच्या कातडीवर त्याची उष्णता जरा अधिक झाली तर डागाच्या जागी आणखी काळा डाग उठतो. म्हणून "तीन बैठकींत चेहरा नवा" अशी पाटी लावणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावा की, आधी ऊन आवरण्याची काय तजवीज केलीत? जो वैद्य हा विषय पहिल्या भेटीतच काढतो आणि उजळ करण्याचे वचन देत नाही, त्याच्याकडे खुशाल परत जावे.

ऊन आवरण्याच्या बाबतीत बडोद्याच्या बायका क्लिनिकांच्या पुष्कळ पुढे आहेत, असे मला वाटते. स्कूटरवर बसण्यापूर्वी ओढणीची बुकानी डोळ्यांखेरीज सगळ्या चेहऱ्यावर गुंडाळण्याची आणि कोपरापर्यंत हातमोजे चढवण्याची जी रीत येथे रुळली आहे, तिची थट्टा पुरुष करतात, करोत बापडे. विरळ विणीचा पांढरा सुती कपडा मात्र फारसे अडवीत नाही. दाट विणीचा, गडद रंगाचा व दुहेरी गुंडाळलेला हवा. डागांना आपल्याकडे डोळ्यांना दिसणारा उजेडही चिथावतो, म्हणून सनस्क्रीन घ्यायचेच तर लोहाच्या भस्माने किंचित मातकट रंगवलेले घ्यावे आणि ते हात आखडून लावू नये. वेष्टनावरचा आकडा दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम या मापाने काढलेला असतो आणि आपण बहुतेक जण त्याच्या निम्मेही लावीत नाही.

उष्णता आणि अतिनील किरण ही एकच वस्तू आहे ही समजूत तर पार मोडली पाहिजे. उत्तरायणाच्या दिवशी, चौदा जानेवारीला, सारे बडोदे धाब्यावर असते. हवा गार, उंधियू-जिलबीचा बेत, आणि पाऊण-एकच्या सुमारास सूर्य ऐन मध्यावर असताना सावली माणसाच्या उंचीहून किंचित आखूड झालेली. सावली आपल्याहून आखूड असेल तोवर चेहरा झाकावा, हा साधा निकष हिवाळ्यातही लागू पडतो. मांजाने बोटे कापू नयेत म्हणून प्रत्येक जण बोटांना चिकटपट्ट्या लावतो, गॉगल घालतो, आणि आठ तास आभाळाकडे वर केलेले गाल तसेच उघडे ठेवतो.

आतापर्यंतचे सारे लिखाण ज्यांना निवड आहे त्यांच्यासाठी झाले. खंडेराव मार्केटच्या बाहेर पाटी मांडून बसलेली भाजीवाली, रस्ता खोदणारा मजूर, चौकातला वाहतूक पोलीस यांना उन्हाची वेळ टाळण्याची मुभा नाही, आणि दरमहा सनस्क्रीनची नळी विकत घेणे त्यांच्या मिळकतीत बसत नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात येथील वाहतूक पोलिसांना डोक्याभोवती गार हवा खेळवणारी, बॅटरीवर चालणारी शिरस्त्राणे देण्यात आली, ही चांगली सुरुवात झाली. महानगरपालिकेने फेरीवाल्यांना जागा नेमून देताना जागेबरोबर छपराचीही तरतूद परवान्यात घालावी. रस्त्याच्या कामाच्या कंत्राटात एप्रिल ते जून या काळात बारा ते चारची सुटी सक्तीची करावी. आणि सयाजी रुग्णालयाच्या त्वचाविभागात ज्यांना उन्हाचा विकार जडला आहे अशा कष्टकऱ्यांना, औषधाबरोबर, रुंद काठाची टोपी व सनस्क्रीन सरकारी खर्चाने मिळावे. पहिल्या दोन गोष्टींना खर्च जवळजवळ नाही, आणि तिसरीचा हिशेब मांडायला आरोग्यखात्याला एक उन्हाळा पुरेसा आहे.