पिंपळावरचा मुंजा आणि बोधिवृक्षाचे सत्य

पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातील गावांत गढीच्या पडक्या भिंतीत, विहिरीच्या काठावर, पांदणीच्या वळणावर एखादा जुना पिंपळ हमखास भेटतो. त्यावर मुंजा राहतो, हेही तिथल्या लेकराला शाळेत जाण्याआधीच कळलेले असते. मुंज झाली, पण सोडमुंजीपूर्वीच जो मुलगा वारला, त्याचे भूत म्हणजे मुंजा. आमच्या वस्तीत कुणाच्याही घरी कधी मुंज झाली नव्हती. तरी दिवेलागणीनंतर त्या झाडाखालून आम्ही जीव मुठीत धरून पळत असू. ज्या संस्काराचा अधिकारच आम्हाला नव्हता, त्याचे भय मात्र आमच्या वाट्याला न मागता आले होते.

या भयाचे मूळ झाडातच आहे. पिंपळाच्या पानाचा देठ लांब व लवचीक असतो, पानाचे टोक शेपटीसारखे निमुळते असते. म्हणून इतर झाडे निश्चल असतानाही तो सळसळतो. त्याची फळे पिकली की रात्री वटवाघळांचे थवे उतरतात, ढोलीतून पिंगळा ओरडतो. अंधारात हे ऐकणाऱ्याने कारण शोधले नाही, तर कथा तयार होते. शेंडगावात 1876 साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी कीर्तनातून साध्या प्रश्नांनी अशाच कथांना उत्तर दिले.

योगायोग असा की, त्याच 1876 साली बुद्धगयेचा जीर्ण पिंपळ वादळात कोसळला. आज तेथे उभा असलेला वृक्ष अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी 1881 साली लावलेल्या रोपाचा आहे. तथागतांनी ज्याखाली ध्यान केले तेच हे झाड, असे आपल्यातील अनेक जण श्रद्धेने सांगतात. ते खरे नाही. मूळ परंपरेवर अनेक आघात झाले. अशोकाच्या राणीने वृक्षाचा घात केल्याचे महावंसात आहे, तर शशांकाने तो तोडल्याचे ह्युएनत्संगाने नोंदवले आहे. तरीही परंपरा तुटली नाही. कारण संघमित्रा थेरीने इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात त्याची शाखा अनुराधपुरास नेली होती. त्या वृक्षाचा अंश भदन्त आनंद कौसल्यायन यांनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर आणला.

हे सत्य दंतकथेहून उणे आहे काय? मला ते अधिक मोठे वाटते. कारण इथे चमत्काराने काहीच टिकलेले नाही. झाड तोडले गेले तेव्हा कुणीतरी रोप जपले, कुणीतरी समुद्रापार नेले, कुणीतरी पाणी घातले. धम्मही असाच टिकला.

काही जण म्हणतात, भीतीमुळेच पिंपळ वाचले. ती काढली तर कुऱ्हाड चालेल. परंतु रस्ता रुंद करताना मुंजाने कोणता पिंपळ वाचवला? भीती झाडापासून दूर ठेवते, त्याला पाणी घालायला पाठवत नाही. जपणूक होते ती समजून घेतल्याने.

मात्र ही कसोटी आपल्यालाही लावली पाहिजे. पिंपळ चोवीस तास प्राणवायू देतो, असे आपणच फलकांवर लिहितो. प्रकाशाविना प्रकाशसंश्लेषण होत नाही. रात्री पिंपळही इतर झाडांसारखा प्राणवायू घेतोच. आपल्या आवडीची चूकही चूकच असते. केवळ परंपरेने सांगितले म्हणून स्वीकारू नका, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला होता. तो बोधिवृक्षाच्या पायाशीही लागू आहे.

म्हणून माजी विद्यार्थी व पालकांना एक विनंती. आपल्या गावच्या पिंपळाखाली सायंकाळी एखाद्या भित्र्या लेकराला घेऊन बसा. पान हातात द्या, देठ दाखवा, वटवाघळे येईपर्यंत थांबा. मग बोधिवृक्षाची खरी हकीकत सांगा. ते लेकरू परतताना पळणार नाही. आणि पुढच्या पावसाळ्यात भिंतीत उगवलेले पिंपळाचे रोप उपटून मोकळ्या जागेत लावील.