दरबाराचे दार

१९१७ साली साताऱ्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला, तेव्हा अमेरिकन मिशनच्या पगारावर त्यांनी पाणी सोडले होते. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळेच या दरबारात बरोबरीने बसणार होते. चर्चच्या नोंदवहीत नाव नसलेल्या माणसालाही तिथे जागा होती. त्या काळी हे मिशनऱ्यांना पेलणारे नव्हते आणि सनातन्यांनाही नव्हते. १९१९ मध्ये टिळक गेले, आणि दरबार फार काळ टिकला नाही.

दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर ख्रिस्ती मंडळीचा विषय कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. हा विषय मराठी घरातलाच आहे. अहमदनगरला टिळकांच्या घरी बालकवी घरच्या मुलासारखे राहिले. त्यासाठी त्यांना धर्म बदलावा लागला नाही. ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र लिहिणाऱ्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्याच घरातल्या. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण लक्ष्मीबाई पुढची पाच वर्षे हिंदूच राहिल्या. नवऱ्याजवळ राहायला आल्यावरही त्यांनी आपले सोवळे सांभाळले, आणि टिळकांनी ते सांभाळू दिले. जात माणसानेच केली, हे लक्ष्मीबाईंना त्यांचे त्यांनाच उमगले. मग कुणाच्याही हातचे खायचे त्यांनी ठरवले. सर्वांना सामावून घेणारी मंडळी कशी असते, याचे मराठीतले सर्वांत सच्चे वर्णन या पुस्तकात आहे, आणि ते एका स्वयंपाकघरातले आहे.

तो उदारपणा पुढे संस्थांच्या अंगी किती मुरला?

काही प्रमाणात नक्कीच. १९७० मध्ये नागपुरात सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या आपापली जुनी भांडणे मिटवून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’त एकत्र आल्या. दक्षिणेत २०१३ साली ई. पुष्पललिता बिशप झाल्या; ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’तल्या त्या पहिल्या महिला बिशप. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ पुन्हा लागू केले, तेव्हा समलिंगी माणसांना गुन्हेगार ठरवू नये, असे मुंबईचे आर्चबिशप ऑस्वाल्ड ग्रेशस यांनी उघडपणे सांगितले. लग्नाबाबतची शिकवण त्यांनी बदलली नाही, तरीही त्या दिवसांत हे बोलणे सोपे नव्हते. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी लढले, तेव्हा ती लढाई एका धर्माची उरली नाही. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीला धर्मावरून विरोध झाला; मराठी वाचकांनी मात्र त्यांना आपले मानले.

जातीपाशी येऊन मात्र मंडळीचे पाऊल अडते. लग्नाची बोलणी निघाली की बाप्तिस्म्याच्या दाखल्याआधी जात विचारली जाते, हे पाळकांना आणि धर्मगुरूंना पुरते ठाऊक आहे. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या मेलापुदूर भागातील कॅथलिक दफनभूमीत दलित आणि सवर्णांच्या कबरींमध्ये भिंत घातलेली आहे. आपल्यातही अस्पृश्यता शिल्लक आहे, हे भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ च्या दलितविषयक धोरणात मान्य केले. ही कबुली फार उशिरा आली, पण ती लेखी आली, म्हणून तिचे मोल आहे.

कारण कागदावरची लढाई अजून चालू आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. शिखांसाठी १९५६ मध्ये आणि बौद्धांसाठी १९९० मध्ये हा आदेश बदलला. ख्रिस्ती धर्मात जातच नाही, मग सवलत कशाची, हा विरोधकांचा जुना युक्तिवाद. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने हा दर्जा देण्याचा प्रश्न तपासण्यासाठी आयोग नेमला. अशा आयोगापुढे मेलापुदूरची भिंत पुरावा म्हणून मांडायची, तर ती आपल्याच माणसांनी बांधली आणि आपणच उभी राहू दिली, हेही मंडळीला स्वतःच्या तोंडाने सांगावे लागेल.